पायरीवर एक पाय

३ फेब्रुवारी

ठकू,

आशीर्वाद. नको असले तर बाजूला ठेव, पण परत पाठवू नकोस.

फोन तू उचलत नाहीस. हल्ली तर घंटाही वाजत नाही, नुसता टूं टूं आवाज येतो, म्हणजे माझा नंबर तू बंद करून टाकला असणार. म्हणून पत्र. पत्ता तुझ्या मावशीकडून काढला. तिच्यावर चिडू नकोस, मी दोन तास तिच्या खुर्चीतून हललो नाही तेव्हा कुठे तिने दिला. तू कवळ्या बनवायच्या लॅबमध्ये काम करतेस हेही तिनेच सांगितलं. चांगलं आहे. माझ्याही खालच्या बाजूला तीन जागा रिकाम्या झाल्या आहेत, पण ते असो.

लिहायचं कारण, आज माझं डोकं फिरलं आहे आणि घरात ऐकायला कुणी नाही. सकाळी गुडघा दाखवायला निघालो. दहा आठची बस, आपल्या चौकातून हॉस्पिटलच्या गेटपर्यंत. सव्वीस वर्षं मी चालवली तीच. जिन्यात गुडघ्याने दगा दिला आणि मी कोपऱ्यावर पोचलो तेव्हा बस निघायच्या बेतात होती. मला काही पळता येत नाही. मनात म्हटलं, गेली. माझ्या हातात असती तर गेलीच असती. पण ती थांबली. स्टिअरिंगवर एक बाई, तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. हल्लीच्या गाड्यांची पायरी बटण दाबून खाली घेता येते, ती तिने घेतली आणि म्हणाली, सावकाश काका.

सावकाश म्हणे. मी घड्याळ पाहिलं, दहा आठच्या वर पन्नास सेकंद. चढता चढता तिला चांगलं सुनावलं की याच गाडीवर मी सव्वीस वर्षं काढली, डेपोत मला 'घड्याळ' म्हणायचे, माझ्या नावावर एकदाही उशीर लागलेला नाही. ती म्हणाली, "मग बसा ना घड्याळकाका, आता तुमच्यामुळे आणखी उशीर होतोय." अख्खी बस हसली.

घरी येऊन डेपोला तक्रार लिहिली, सुवाच्य अक्षरात, दीड पान. ज्याच्यासाठी गाडी थांबली तो मीच, हे लिहिलं नाही. मुद्दा तो नव्हता.

तू म्हणशील, बाबा होते तिथेच आहेत. मग काय करू? दार लागलं की लागलं, हा नियम मी केलेला नाही. आणि तुझी आई गेली त्या दिवसाचं म्हणशील तर, तू धावत आलीस, माझीच बस निघून गेली, पुढची येईपर्यंत आईला ऑपरेशनला आत नेलं आणि ती पुन्हा बोललीच नाही, हे सगळं मला मान्य आहे. पण तू मला दिसली नाहीस. हॉस्पिटलच्या जिन्यात सगळ्यांसमोर मी तुला हेच सांगितलं होतं. दिसली असतीस तर थांबलो नसतो का?

गुडघा ठीक आहे. काळजी करत असशील असं नाही, पण सांगून ठेवतो.

बाबा


१९ फेब्रुवारी

ठकू,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पत्ता बरोबर आहे. उत्तरही आलं नाही, म्हणजे माणूसही तेच आहे.

डॉक्टरने गुडघ्याला रोज शेक आणि व्यायाम सांगितला आहे, त्यामुळे रोज दहा आठची बस धरतो. मनात म्हटलं, आयतीच संधी आहे. एक वही घेतली, पुढच्या सीटवर बसलो आणि रोज लिहायला लागलो: चौकातून किती वाजता निघाली, कुणासाठी थांबली, गेटला किती वाजता पोचली. या बाईचा उशीर कागदावर पकडायचा होता. तुझी आई असती तर म्हणाली असती, यांना निवृत्त कुणी केलं, पुन्हा कामावर घ्या आणि मला सोडवा.

ड्रायव्हरबाई रोज थांबायची. नऊ दिवसांत सात दिवस ती एकाच बाईसाठी थांबली. ही हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी धुते. रोज केस विस्कटलेले, रोज धापा टाकत चढणार. चौथ्या दिवशी माझ्याशेजारी बसली तेव्हा मला राहवलं नाही. विचारलं, दहा मिनिटं आधी निघायला काय होतं? ती चिडली नाही. श्वास परत आल्यावर तिने सांगितलं की पाळणाघर दहाला उघडतं, त्याआधी पोरीला ठेवणार कुठे? पोरगी रोज पाय धरून रडते, ती सोडवायला एक मिनिट जातं. तिथून चौकापर्यंत चालत नऊ मिनिटं, पळत सात. आणि ही बस चुकली तर पुढची चाळीस मिनिटांनी, म्हणजे अर्ध्या दिवसाची गैरहजेरी.

मी वही मिटून बसलो. सव्वीस वर्षं मी पळत येणाऱ्या माणसांना आळशी समजत होतो. एकालाही कारण विचारलं नाही. विचारणार कसं, ते माझ्या गाडीत कधी चढलेच नव्हते.

आता वहीचा निकाल सांगतो. नऊ दिवसांत आठ दिवस बस गेटला दहा तेहेतीसला पोचली, अगदी वेळेवर. एक दिवस दहा चौतीस. मी दोनदा तपासलं. मधे पुलाच्या अलीकडे रस्ता मोकळा असतो, तिथे ती अर्धं-पाऊण मिनिट भरून काढते, आणि जोरातही हाकत नाही. शिवाय गेटपाशी गाडी सहा मिनिटं उभी असते. ती सहा मिनिटं मलाही होती. मी त्या वेळात समोरच्या टपरीवर चहा प्यायचो.

म्हणजे कुणासाठी अर्धं मिनिट थांबलो असतो, तर ते कुणाच्या वेळेतून जाणार नव्हतं, माझ्या चहातून जाणार होतं. त्या दिवशी तर मी दोन चहा घेतले होते. तुझी आई तिसऱ्या मजल्यावर, मी खाली टपरीवर, दोन वाजता ड्युटी संपल्यावर वर जाईन म्हणून. डबा नव्हता, भूक लागली होती.

हे तुला का लिहितो आहे कळत नाही. खोडायचं होतं, पण मग पान फाडावं लागलं असतं.

बाबा


६ मार्च

ठकू,

आज एक गोष्ट झाली. ती कुणाला तरी सांगायची आहे आणि तुझ्याशिवाय मला कुणी नाही, तुला आवडो न आवडो.

गेटपाशी बस रिकामी झाली. मी नेहमीप्रमाणे शेवटी उतरत होतो. ड्रायव्हरबाईने मागे वळून विचारलं, "काका, ती तक्रार तुमचीच ना?"

आठ दिवसांपूर्वी तिला साहेबाने बोलावून घेतलं होतं. कागद पुढे ठेवून लेखी खुलासा लिहून घेतला. मी पुढच्या सीटवर वहीत लिहीत असतो ते तिला आरशात रोज दिसत होतं, तेव्हा अक्षर ओळखायला कितीसा वेळ लागणार. "अक्षर फार छान आहे तुमचं," म्हणाली. टोमणा नव्हता, साधं बोलल्यासारखं बोलली.

माझ्या तोंडात 'नाही' तयार होतं. ते नेहमी तयारच असतं, खिशातल्या रुमालासारखं. माझी नाही, असेल कुणा दुसऱ्याची, एवढंच तर म्हणायचं होतं. पण मनात हिशेब लागला की हिला आठ दिवसांपासून सगळं माहीत आहे, आणि या आठही दिवशी हिने माझ्यासाठी पायरी खाली घेतली आहे. सावकाश काका, असंही म्हणाली आहे. मला एकदम स्वतःची लाज वाटली.

मी म्हणालो, "हो."

मला वाटलं, आता ही माझी सालटी काढणार. ती म्हणाली, "बरं झालं बोललात. मला वाटलं होतं, नाही म्हणाल." मग बिस्किटाचा पुडा पुढे केला. आम्ही दोघांनी बसमध्ये बसून चार-चार बिस्किटं खाल्ली. नियमाने बसमध्ये खायला मनाई आहे.

तिथून मी शेक बुडवून डेपोत गेलो, तक्रार मागे घ्यायला. खिडकीतला कारकून म्हणाला, मागे घ्यायलाही कारण लिहावं लागतं. लिहिलं: ज्या प्रवाशासाठी गाडी थांबली तो प्रवासी मीच होतो. कारकुनाने ते वाचलं, मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा वाचलं. मला ओळखतो तो. घड्याळ बंद पडलं की काय, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

येताना विचार करत होतो. हो म्हणायला एक सेकंद लागला. काही कोसळलं नाही. बिस्किटं मिळाली. आणि मी चार वर्षं

इथे थांबतो. कागद उरला आहे, पण थांबतो.

बाबा


२१ मार्च

ठकू,

आज तुला हसवतो. हसलीस तरी मला कळणार नाही, त्यामुळे तुझं काही जाणार नाही.

ड्रायव्हरबाईला त्या खुलाशानंतर जपून राहावं लागतं. आता ती आपणहून थांबली तर नोंद होते. ही पाचर माझ्याच कागदाने मारलेली. पण एखादा म्हातारा चढत असेल तर दार लावता येत नाही, हाही नियमच आहे, आणि नियम माझ्याइतके कुणाला पाठ नाहीत. मग मी काय करतो ते ऐक. स्टॉपवर दहा मिनिटं आधी जाऊन उभा राहतो. सगळ्यांना आधी चढू देतो. कोपऱ्याकडे नजर ठेवतो. लाँड्रीवाली दिसली की एक पाय पायरीवर ठेवतो आणि दुसरा पाय रस्त्यावरच राहू देतो. दांडा धरतो. आई गं म्हणतो. ती अजून लांब असेल तर काठी खाली पडते. ती उचलायला वाकतो. माझ्यासारख्याला वाकायला बराच वेळ लागतो.

काल आतून एक गृहस्थ म्हणाले, अशा लोकांनी घरी बसावं. मी वळून त्यांना सांगितलं, बरोबर आहे तुमचं, आणि आणखी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. तेवढ्यात ती चढली. काठी तिनेच उचलून दिली आणि मला हाताला धरून वर घेतलं, बिचारीला अजून पत्ता नाही. ड्रायव्हरबाईला मात्र पहिल्याच दिवशी कळलं. आता ती हळूच विचारते, "काका, आज गुडघा किती सेकंद दुखणार?" मी कोपऱ्याकडे बघून सांगतो, वीस. किंवा, आज पस्तीस, पोरगी जास्त रडलेली दिसते.

खरं सांगू, सव्वीस वर्षांत वेळेवर पोचून मला कधी एवढा आनंद झाला नव्हता. निवृत्तीला डेपोतून भेट मिळालेलं घड्याळ भिंतीवर आहे, ते हल्ली दोन मिनिटं मागे पडतं. राहू दिलं आहे.

आता दुसरी गोष्ट. शेकाने काही होत नाही, गुडघा बदलावा लागेल म्हणतात. १७ एप्रिलला सकाळी अकराला भरती व्हायचं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. हो, त्याच हॉस्पिटलात. मी डॉक्टरला म्हटलं, गुडघा बरा झाला तर बस थांबवू कशी? त्याला काही कळलं नाही. फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाची सही लागते. ड्रायव्हरबाई म्हणाली, मी करते, पुतणी म्हणून सांगा. मी म्हटलं, मला मुलगी आहे. मग तिची घ्या, म्हणाली. मी फॉर्मची घडी करून खिशात ठेवली.

बोलावत नाही, नुसतं सांगतो आहे. भीती वाटते का? हो. बघ, सवय लागली.

बाबा


३ एप्रिल

ठकू,

पाहिलं होतं.

हे लिहून मी उठलो, पाणी प्यालो आणि परत येऊन बसलो.

त्या दिवशी चौकात दार लावलं आणि नेहमीसारखं आरशात पाहिलं. दाराकडचा आरसा, रस्त्याकडचा आरसा, पुन्हा दाराकडचा. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा तू औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर होतीस. निळा स्वेटर. एक चप्पल पायात, एक हातात, बंद तुटला असणार. दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीचाच हात तू वर केलास आणि बाबा म्हणालीस. ऐकू आलं नाही, पण तोंड दिसलं.

मी काय विचार केला तेही सांगतो, नाहीतर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. मनात आलं, मी आजवर कुणाच्या मुलीसाठी थांबलो नाही, आता स्वतःच्या मुलीसाठी थांबलो तर मागे बसलेली चाळीस माणसं काय म्हणतील. तेव्हा मला तो न्याय वाटला. तो माज होता. आणि असंही वाटलं की ऑपरेशन साधं आहे, येईल पुढच्या बसने. गिअर टाकला. तू आरशात लहान लहान होत गेलीस.

अकराला तुझ्या आईला आत नेलं. ती दाराकडे बघत होती, नर्सने मला नंतर सांगितलं. तू अकरा तेराला पोचलीस. संध्याकाळी जिन्यात तू विचारलंस, तुम्ही मला पाहिलं होतं का, आणि मी नाही म्हणालो. तू रडली नाहीस, भांडली नाहीस. नुसती माझ्याकडे बघत राहिलीस आणि महिन्याभरात घर सोडून गेलीस. मला वाटायचं, हिला संशय आहे.

संशय कसला. सात वर्षांची असताना तुला डेपोत उभ्या बसमध्ये मांडीवर बसवून मीच शिकवलं होतं. दाराकडचा, रस्त्याकडचा, पुन्हा दाराकडचा, मग गिअर. तू ते घरभर म्हणत फिरायचीस. मी आरसा न बघता गाडी काढली, असं मी कुणाला सांगत होतो? तुला. तुला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं की मी खोटं बोलतो आहे, आणि मी चार वर्षं तुझ्याच तोंडून विश्वासाचा शब्द मागत होतो.

माफी मागायची मला सवय नाही, पण मागतो. तुझी, आणि तुझ्या आईची राहिलीच.

हे ऑपरेशनसाठी लिहिलं असं तुला वाटायला नको. म्हणून फॉर्मवर ड्रायव्हरबाईची सही घ्यायचं ठरवलं आहे. तू आली नाहीस तरी या पत्रातलं सगळं खरंच राहील.

बाबा


११ एप्रिल

बाबा,

पाचही पत्रं मिळाली. पहिली चार मी वाचून ड्रॉवरमध्ये टाकली. पहिलं वाचून तर इतकी चिडले की हातातली एक कवळी बिघडवली, दात उलटे बसवले. पाचवं तीन दिवस जवळ घेऊन फिरते आहे.

तुम्ही थांबला नाहीत याचा राग होताच. पण तो कदाचित निवला असता. माणूस चुकतो, घाबरतो, हट्टाला पेटतो. ते 'नाही' मात्र मला गिळता आलं नाही. आई गेली त्या संध्याकाळी मला एकच माणूस उरलं होतं आणि ते माझ्या डोळ्यांत बघून खोटं बोलत होतं. तुम्ही तेव्हा 'हो' म्हणाला असतात तर मी तुमच्याच गळ्यात पडून रडले असते.

एक गोष्ट तुम्ही अजूनही विचारली नाहीत. लाँड्रीवाल्या बाईंना विचारलंत की उशीर का होतो. मला नाही. सांगते.

साडेनऊला आईचा हॉस्पिटलातून फोन आला. म्हणाली, "त्यांनी डबा नेला नसणार, आज त्यांचं लक्ष ठिकाणावर नाही. ते दहा आठला चौकात येतील. गाडीतच त्यांच्या हातात दे आणि त्याच बसने माझ्याकडे ये." ओट्यावर बघितलं तर डबा भरलेलाच नव्हता. मी घाईघाईने पोळी-भाजी केली, डबा भरला आणि पळत सुटले. त्या पिशवीत तुमचा डबा होता.

हे मी चार वर्षं सांगितलं नाही. कधीतरी तुम्हाला लागावं म्हणून राखून ठेवलं होतं, खोटं कशाला बोलू. आता लिहिताना तसं वाटत नाही. आता एवढंच वाटतं की आत जायच्या आधी आईला तुमच्या जेवणाची काळजी होती, आणि हे तुम्हाला माहीत असायला हवं.

माफ केलं असं धरून चालू नका. ते माझं मी बघेन, मला वेळ लागेल. घाई करू नका.

फॉर्म कोरा ठेवा. ड्रायव्हरबाईंना माझा नमस्कार सांगा, आणि पुतणी व्हायची गरज नाही हेही सांगा.

१७ तारखेला सकाळी मी स्टेशनवर उतरून चौकात चालत येईन. त्याच दहा आठच्या बसने दोघं मिळून जाऊ. माझी ट्रेन वेळेवर आली नाही तर मला थोडा उशीर होईल. तुमचा गुडघा त्या दिवशी जरा जास्तच दुखू द्या.

मी पळणार नाही.

ठकू